उगारलेला हात

इ. स. पूर्व २२७ मधील ही घटना. चीन त्या काळी एक देश नव्हता. सात राज्ये एकमेकांशी झुंजत होती आणि त्यांतील सर्वांत बलाढ्य असे छिन राज्य शेजाऱ्यांना एकामागून एक गिळत चालले होते. हान राज्य तीन वर्षांपूर्वी बुडाले होते. झाओची राजधानी आदल्याच वर्षी पडली होती. आता पाळी उत्तरेकडील येन राज्याची होती. अशा वेळी येनचा दूत जिंग के हा छिनच्या दरबारात राजा यिंग झेंग याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने दोन भेटी आणल्या होत्या. एका पेटीत छिनमधून परागंदा झालेल्या सेनापती फान यूछी याचे शिर होते. आपल्या कुटुंबाचा उच्छेद करणाऱ्या राजाचा सूड घेतला जावा म्हणून त्या सेनापतीने ते स्वतःच्या हाताने दिले होते. दुसरी भेट म्हणजे येनच्या सुपीक प्रदेशाचा गुंडाळलेला नकाशा. राजाने नकाशा उलगडला. शेवटच्या वेढ्यातून विषारी पात्याची कट्यार बाहेर पडली. जिंग केने एका हाताने राजाची बाही धरली आणि दुसरा हात उगारला.

बाही फाटली. राजा खांबाभोवती धावू लागला. तलवार लांब असल्यामुळे ती म्यानातून निघेना. दरबारात कोणीही शस्त्र आणू नये असा राजाचाच हुकूम होता, म्हणून मानकरी निःशस्त्र होते. आणि पायरीखाली उभे असलेले शिपाई आज्ञेवाचून वर येऊ शकत नव्हते. राजवैद्य श्या वूच्यू याने हातातली औषधांची पिशवी मारेकऱ्यावर फेकली. तेवढ्या उसंतीत राजाने तलवार पाठीवर सरकवून उपसली आणि जिंग केची मांडी चिरली. जिंग केने बसल्या जागेवरून कट्यार फेकली. ती राजाला न लागता धातूच्या खांबावर आदळली. आठ घाव सोसून, खांबाला टेकून तो हसला आणि तिथेच संपला. सहा वर्षांनी सर्व राज्ये जिंकून यिंग झेंग चीनचा पहिला सम्राट झाला. त्याच्या थडग्याजवळ पुरलेली मातीची सेना १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली, आणि तेव्हापासून त्याचे नाव जगभर झाले.

आपल्याकडे चिनी चित्रपट म्हटला की लाथाबुक्क्यांची हाणामारीच डोळ्यांपुढे येते. परंतु गेल्या तीन दशकांत इतिहास, दंतकथा, हेरगिरी आणि गुन्हेशोध या चार प्रकारांत तिकडे जे मोठे चित्रपट झाले, त्यांतून एकच प्रसंग पुन्हा पुन्हा डोकावतो. सत्तेसमोर एक एकटा माणूस उभा आहे. त्याच्या हातात सत्ताधीशाचे प्राण आले आहेत. आता त्याचा हात खाली येणार की मागे घेतला जाणार? या प्रश्नाचे प्रत्येक चित्रपटाने दिलेले उत्तर आणि इतिहासाने नोंदवलेले उत्तर शेजारी ठेवून पाहिले, तर मोठी विचार करायला लावणारी गोष्ट हाती येते.

जिंग केची कथा आपल्यापर्यंत ज्याने पोचवली त्या इतिहासकाराची ओळख आधी करून घेतली पाहिजे. त्याचे नाव सिमा चिएन. हान घराण्याच्या सम्राट वू याच्या दरबारी तो राजज्योतिषी आणि इतिहासलेखक होता. इ. स. पूर्व ९९ मध्ये ली लिंग नावाच्या सेनानीला रणांगणात शरण जावे लागले. सारा दरबार त्याच्यावर तुटून पडला असता सिमा चिएन एकटा त्याच्या बाजूने बोलला. सम्राट संतापला. शिक्षा झाली ती पौरुषहरणाची. प्रतिष्ठित माणसाने अशा वेळी आत्महत्या करावी हा तेव्हाचा संकेत होता. परंतु वडिलांनी सोपवलेला इतिहासग्रंथ अपुरा होता, म्हणून सिमा चिएन अपमान गिळून जगला आणि त्याने एकशे तीस प्रकरणांचा तो ग्रंथ पुरा केला. त्यातले एक प्रकरण त्याने मारेकऱ्यांना वाहिले. राजेरजवाडे आणि सेनापती यांच्या पंक्तीत त्याने हातात कट्यार घेतलेल्या पाच माणसांना बसवले. जिंग के हा त्यांतला शेवटचा.

या प्रकरणाच्या अखेरीस सिमा चिएन एक लहानशी टीप जोडतो. जिंग केविषयी लोक सांगतात की आकाशातून धान्य पडले, घोड्यांना शिंगे फुटली. ही अतिशयोक्ती आहे. त्याने राजाला जखमी केले असेही सांगतात. तेही खोटे आहे. मग तो आपला आधार सांगतो : राजवैद्य श्या वूच्यू याच्या सहवासात राहिलेल्या दोघांकडून हा वृत्तांत आपल्यापर्यंत आला. ज्या माणसाला सत्तेने उभ्या जन्माची जखम दिली, त्याला सत्तेविरुद्ध उठलेल्या हाताविषयी ममता वाटणे स्वाभाविक होते. तरीही त्या हाताने न केलेली जखम त्याने त्याच्या पदरी घातली नाही. इतिहासकाराचे शील ते हेच.

आता चित्रपटांकडे वळू. चेन काइगे यांनी १९९८ साली 'द एम्परर अँड द असॅसिन' हा भव्य चित्रपट काढला. त्यासाठी झेजियांग प्रांतातील हेंगदिएन येथे छिनचा अवाढव्य राजवाडा उभारण्यात आला. तो आजही तेथे उभा असून पर्यटक तो पाहायला जातात. ली शुएजियान यांनी राजा रंगवला, झांग फेंगयी यांनी जिंग के, आणि गाँग ली यांनी झाओ राज्यातली राजाची प्रिया. ही स्त्री इतिहासात नाही. ती दिग्दर्शकाची निर्मिती आहे. सर्व राज्ये एक झाली की युद्धे थांबतील, या राजाच्या स्वप्नावर तिचा प्रथम विश्वास असतो. पुढे झाओच्या मुलांना अभय देण्याचे वचन राजा मोडतो आणि तिचे डोळे उघडतात. जिंग के इथे पश्चात्तापाने पोळलेला माणूस आहे. एका कुटुंबाची हत्या करताना त्या घरची आंधळी मुलगी त्याच्यासमोर स्वतःचा जीव देते, आणि तेव्हापासून त्याला शस्त्र उचलवत नाही. पुन्हा उचलतो ते त्या मारल्या गेलेल्या मुलांसाठी.

या चित्रपटात कल्पिताचा भाग मोठा आहे, यात शंका नाही. परंतु मुख्य ठिकाणी तो इतिहासाशी प्रामाणिक राहिला आहे. हात उगारला जातो, वार फसतो, माणूस मरतो, राजा जिंकतो. आणि जिंकलेला राजा प्रचंड दालनात एकटा उरतो. एकतेच्या स्वप्नाची किंमत कोणी मोजली, हे दिग्दर्शक प्रेक्षकाला विसरू देत नाही.

चारच वर्षांनी, २००२ साली, झांग यिमोउ यांचा 'हिरो' आला. विषय तोच, राजा तोच. पण हा इतिहास नव्हे, ही दंतकथा आहे. जेट ली यांनी रंगवलेला नायक निनावी आहे. राजाच्या तीन शत्रूंना ठार केल्याची बतावणी करून तो दरबारात येतो. प्रत्येक पराक्रमाबद्दल त्याला राजाच्या अधिक जवळ बसण्याचा मान मिळतो आणि अखेर तो दहा पावलांवर येऊन पोचतो. एकच हकिकत तांबड्या, निळ्या आणि पांढऱ्या रंगांत वेगवेगळ्या रीतीने सांगितली जाते. पिवळ्या पानांच्या वर्षावात दोन स्त्रियांनी केलेले द्वंद्व ज्यांनी पाहिले आहे ते सहसा विसरत नाहीत. डोळ्यांचे पारणे फेडणारा असा चित्रपट क्वचितच होतो.

आणि तरीही शेवटाकडे मन अडखळते. त्या तीन शत्रूंपैकी एकाने वाळूत दोन अक्षरे लिहून दाखवलेली असतात. त्यांचा अर्थ 'आकाशाखालचे सर्व', म्हणजे अवघे जग, अवघा देश. सर्वत्र शांतता नांदायची असेल तर या एका राजालाच जगू दिले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष. निनावी मारेकऱ्याला तो पटतो. राजाचे प्राण हातात असताना तो वार करत नाही. राजाच्या डोळ्यांत पाणी येते; तरी दरबाऱ्यांच्या आग्रहाखातर तो बाण सोडण्याची आज्ञा देतो, आणि मेलेल्या माणसाची वीराला साजेशी अंत्ययात्रा निघते. पडद्यावर अखेरची अक्षरे उमटतात ती राजाने देश एक केल्याची आणि प्रजेच्या रक्षणासाठी भिंत बांधल्याची.

चीनमध्ये आणि चीनबाहेर अनेक समीक्षकांनी तेव्हाच विचारले की हा जुलमाला दिलेला आशीर्वाद तर नव्हे? प्रश्न योग्य होता. हात मागे घेणे ही गोष्ट स्वतः वाईट नाही. रक्तपात टाळणारा माणूस आपल्याला प्रियच वाटतो. शिवाय जिंग केच्या साहसाने येनचे कल्याण झाले नाही, हेही खरे. छिनचा राजा चिडून चाल करून आला, येनची राजधानी पडली आणि येनच्या राजाने शत्रूला शांत करण्यासाठी आपला स्वतःचा मुलगा, कट रचणारा युवराज डान, याचे शिर देऊ केले. तरीही इ. स. पूर्व २२२ मध्ये येन राज्य नष्ट झालेच. तेव्हा मारेकऱ्याचा मार्ग फलदायी होता असे कोणी म्हणू नये. परंतु आक्षेप निराळा आहे. 'हिरो'मध्ये बळी पडणाऱ्यानेच बळी घेणाऱ्याला क्षमापत्र लिहून दिले आहे, आणि तेही ज्यांची गावे जळली त्या सर्वांच्या वतीने. खऱ्या जिंग केने असे काही लिहून दिले नव्हते. ज्या साम्राज्यासाठी हे सारे मागितले गेले, ते सम्राटाच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत कोसळले, हेही त्या अखेरच्या अक्षरांत नाही.

आता कालखंड बदलू या. जिंग केनंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. १९३९ सालचे शांघाय शहर. शहराचा चिनी भाग जपान्यांच्या ताब्यात आहे. जपान्यांशी हातमिळवणी केलेल्या चिनी मंडळींचे गुप्त पोलीस खाते जेसफील्ड रोडवरील ७६ क्रमांकाच्या इमारतीत आहे; त्या नुसत्या आकड्याने लोकांचा थरकाप होतो. या खात्याचा एक प्रमुख डिंग मोत्सुन. त्याच्याशी ओळख वाढवण्याचे काम झेंग पिंगरू या तरुणीकडे सोपवले गेले. तिचे वडील चिनी न्यायाधिकारी, आई जपानी. १९३७ साली शांघायच्या एका प्रसिद्ध सचित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले होते. २१ डिसेंबर १९३९ रोजी लोकरी कोट घेण्याच्या निमित्ताने तिने डिंगला एका दुकानात नेले. बाहेर मारेकरी दबा धरून होते. डिंगला संशय आला. तो एकाएकी बाहेर पडला आणि धावत आपल्या चिलखती मोटारीत शिरला. गोळ्या झाडल्या गेल्या, पण तो वाचला. झेंग पिंगरूने त्यानंतरही माघार घेतली नाही. ती पुन्हा त्याच्या संपर्कात गेली, पकडली गेली आणि १९४० च्या फेब्रुवारीत तिला गोळी घालण्यात आली. तेव्हा तिने वयाची पंचविशीही गाठली नव्हती. तिच्या वडिलांनी शत्रूची चाकरी पत्करली नाही; पुढच्याच वर्षी ते वारले. वैमानिक असलेला भाऊ १९४४ साली युद्धात कामी आला. डिंग मोत्सुनला युद्धानंतर, १९४७ साली, देहदंड झाला.

आयलीन चांग या विख्यात लेखिकेची एक कथा याच घटनेवरून सुचली असे मानले जाते. अनेक वर्षे हाताखाली ठेवून तिने ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केली. तिच्यावरून आंग ली यांनी २००७ साली 'लस्ट, कॉशन' हा चित्रपट केला आणि त्याला व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. चित्रपट प्रौढांसाठीच आहे. त्यातले काही प्रसंग इतके उघडेवाघडे आहेत की कुटुंबासह तो पाहता येणार नाही, हे सांगणे कर्तव्य आहे. परंतु त्याचा मर्मभाग दुकानातच आहे. लोकरी कोटाच्या दुकानाऐवजी इथे जवाहिऱ्याची पेढी आहे. देशभक्तीच्या नाटकातून हेरगिरीत ओढली गेलेली विद्यार्थिनी वांग जियाझी हिच्या बोटात तो अधिकारी हिऱ्याची अंगठी घालतो. सापळा मिटण्याच्या क्षणी तिच्या तोंडून हळूच शब्द निघतात : जा. तो पळतो. संध्याकाळपर्यंत ती आणि तिचे सारे सोबती पकडले जातात आणि रात्री खाणीच्या काठावर त्यांना गोळ्या घातल्या जातात. हुकमावर सही त्याच माणसाची असते.

कथा म्हणून हा शेवट फार खोल आहे. ज्यांनी त्या मुलीला हत्यारासारखे वापरले त्यांपैकी कोणी तिच्याकडे माणूस म्हणून पाहिले नाही; तेव्हा खोट्या का होईना, पण एका कोमल क्षणाला तिचे मन फसले. लेखिकेला आणि दिग्दर्शकाला हे सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु त्या गोष्टीमागे एक खरी मुलगी आहे, आणि शत्रूला तिने सावध केले असे इतिहास सांगत नाही. चित्रपट झळकल्यावर तिच्या वृद्ध बहिणीने जाहीरपणे निषेध नोंदवला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी गमावलेल्या बहिणीचे मरण लोक आता दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवतील, ही वेदना कोणत्याही सुवर्णसिंहाने भरून निघणारी नव्हती.

चौथा प्रकार गुन्हेशोधाचा. इ. स. ६३० मध्ये जन्मलेला आणि ७०० मध्ये वारलेला थांग काळातील न्यायाधीश डी रेनजिए हा चिनी गुन्हेकथांचा लाडका नायक. त्याच्यावरील अठराव्या शतकातील एका निनावी कादंबरीचे भाषांतर रॉबर्ट व्हान गुलिक या डच मुत्सद्द्याने १९४९ साली टोकियोत छापले आणि मग स्वतःच 'जज डी'च्या कथा लिहिल्या. पुढे काही काळ तो दिल्लीच्या डच वकिलातीतही होता. २०१० साली त्सुई हार्क यांनी या डीवर चित्रपट केला. सम्राज्ञी वू झेतिएनचा राज्याभिषेक तोंडावर आला आहे आणि अधिकारी आतून पेट घेऊन जळून मरत आहेत. सम्राज्ञीला विरोध केला म्हणून आठ वर्षे बंदीवासात असलेल्या डीला तीच बाहेर काढून तपासाला लावते. बुद्धाची प्रचंड मूर्ती राजवाड्यावर कोसळवण्याचा कट उघड होतो. तो रचणारा डीचाच जुना साथीदार निघतो. तिचा घात होऊ द्यायचा की नाही, हे क्षणभर डीच्या हाती येते. तो तिला वाचवतो, मात्र न्यायाने राज्य कर आणि गादी मूळ घराण्याला परत दे, असे तोंडावर सांगतो.

इथे मात्र इतिहास चित्रपटाहून सरस ठरतो. खरा डी हा तलवारबहाद्दर नव्हता. सर्वोच्च न्यायालयात अधिकारी असताना त्याने सतरा हजार माणसांची रखडलेली प्रकरणे एका वर्षात निकाली काढली, अशी त्याची कीर्ती. इ. स. ६९२ मध्ये लाय जुनचेन या छळवादासाठी कुप्रसिद्ध अधिकाऱ्याने त्याच्यावर राजद्रोहाचा खोटा आळ घेतला. पहिल्याच प्रश्नाला गुन्हा कबूल करणाऱ्याचे प्राण वाचत, असा नियम होता. डीने तत्काळ कबुली दिली. मग एकाने सुचवले की दुसऱ्या एका मंत्र्याचेही नाव घे, म्हणजे तुझी शिक्षा आणखी हलकी होईल. त्यावर डीने आपले डोके खांबावर आपटले. रक्त वाहू लागले आणि विचारणारा घाबरून मागे सरला. स्वतःविरुद्ध खोटे बोलायला तो तयार होता, दुसऱ्याविरुद्ध नव्हे. पुढे त्याने पांघरुणाचा तुकडा फाडून त्यावर आपली कैफियत लिहिली, ती कापूस भरलेल्या अंगरख्यात दडवली आणि उन्हाळा वाढला आहे, कापूस काढून टाका, असा निरोप देऊन तो अंगरखा घरी पाठवला. मुलाने ते लिखाण सम्राज्ञीपर्यंत नेले. तिने डीला बोलावून विचारले, कबुली का दिलीस? तो म्हणाला, दिली नसती तर छळानेच मेलो असतो. प्राण वाचले, पद गेले. दूरच्या एका तालुक्याचा कारभारी म्हणून त्याची रवानगी झाली. काही वर्षांनी सम्राज्ञीनेच त्याला परत बोलावले. पदच्युत राजपुत्राला माघारी आणण्यास तिचे मन वळवणाऱ्यांत तो प्रमुख होता. आणि ७०५ साली थांग घराणे पुन्हा गादीवर बसवणारा मंत्री डीनेच शिफारस केलेला होता. तोपर्यंत डीला वारून पाच वर्षे झाली होती.

जिंग केची कट्यार खांबावर आदळली. डीने स्वतःचे कपाळ खांबावर आपटले. एकाने सत्तेवर हात उगारला. दुसऱ्याने उगारला नाही, पण जोडलाही नाही. दोघांचा मार्ग एक नव्हता. परंतु जुन्या नोंदी दोघांविषयी घडले तेवढेच सांगतात, आणि म्हणूनच आपण आजही त्यांच्याविषयी विचार करू शकतो.

चित्रपटाने इतिहासाची नक्कल करावी असा हट्ट कोणी धरू नये. कल्पिताचे स्वतःचे सत्य असते. तथापि ज्या माणसांना आता स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्यांच्या बाबतीत आपण पाहणाऱ्यांनी थोडे सावध असावे. पडद्यावर हात मागे घेतला गेला आणि आपले डोळे पाणावले, तर घरी आल्यावर इतके तरी विचारावे : तो खरोखर मागे घेतला गेला होता का? की कोणाच्या तरी सोयीसाठी, किंवा केवळ कथेच्या सौंदर्यासाठी, तो आता मागे घेतला जात आहे? न झालेली जखम दाखवणे हे जितके असत्य, तितकेच उगारलेला हात पुसून टाकणे हेही असत्यच.

सिमा चिएनने सत्य शोधले ते एका वैद्याच्या आठवणीत. त्या वैद्याने राजाचे प्राण वाचवले होते, बक्षीसही मिळवले होते. मारेकऱ्याने राजाला जखमी केले होते असे सांगितले असते, तर त्याच्या स्वतःच्या पिशवीचे मोल आणखी वाढले असते. पण जे पाहिले तेच त्याने सांगितले, ऐकणाऱ्यांनी तेच जपले आणि शिक्षा भोगलेल्या इतिहासकाराने तेच लिहिले. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली. राजवाडे पडले, आणि चित्रपटांसाठी पुन्हा बांधले गेले. त्या वैद्याची साक्ष मात्र होती तशीच उभी आहे.